दारातले पाणी

आमच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या बाजूच्या दारातून पाणी हिंदकळल्याचा आवाज येऊ लागला तेव्हा जुलैचा दुसरा आठवडा होता आणि साताऱ्यात सलग सहा दिवस पावसाने उघडीप दिलेली नव्हती. दार उघडले की पोटात कुठेतरी अर्धी भरलेली कळशी कलंडावी तसा आवाज होई, आणि बंद केले की तोच आवाज उलट्या दिशेने मागे जाई. गाडीच्या दारात पाणी साठू शकते ही गोष्ट मला वयाच्या एकावन्नाव्या वर्षी कळली. ते पाणी आपणच साठवून ठेवले आहे हे कळायला आणखी दोन दिवस जावे लागले.

गाडी १९७९ सालची आहे. बाबांनी ती १९८४ मध्ये गावातल्याच एका कंत्राटदाराकडून घेतली, कारण नव्या गाडीची नोंदणी करून काही वर्षे वाट पाहण्याइतका धीर त्यांच्यापाशी नव्हता आणि रात्री-अपरात्री खेडोपाडी व्हिजिटला जायला स्कूटर पुरेनाशी झाली होती. कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी. पण आमच्या घरात तिला पद्मिनी म्हटल्याचे मला आठवत नाही, ती कायम फियाटच. त्यात तसे चूक काही नव्हते. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी १९६४ साली बाहेर पडली ती फियाट ११०० डिलाइट या नावाने. १९७३ मध्ये तिची प्रेसिडेंट झाली आणि पुढच्याच वर्षी पद्मिनी. नाव बदलले तरी १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा आणि पुढच्या दारांच्या त्रिकोणी काचा तशाच राहिल्या. मोठ्या काचेच्या पुढे बसवलेली ही त्रिकोणी काच उघडून बाहेरचा वारा नेमका अंगावर वळवता येतो. एसी नसलेल्या गाडीत ती मोठीच चैन होती, आणि रबराच्या हिशेबाने पाहिले तर तेवढीच मोठी डोकेदुखी. सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी गाडीच व्हिंटेज ठरते, त्यामुळे आमची गाडी २०२९ पर्यंत नुसतीच जुनी आहे, आणि बाबांच्या मते त्यानंतरही ती नुसतीच जुनी असेल.

ही गाडी पहिल्यापासून गळत असे. पुण्याला जाताना खंबाटकीच्या घाटात पाऊस गाठायचाच, आणि तो गाठला की मागच्या सीटवर बसलेल्या माझ्या बाजूच्या काचेच्या तळाशी आई एक पंचा चेपून बसवायची. शिरवळ येईपर्यंत पंचा भिजून जड होई, मग तो पिळण्यासाठी काच खाली करावी लागे, आणि काच खाली केली की पंचाने इतका वेळ अडवलेल्या पाण्याच्या कितीतरी पट पाणी एका दमात आत येई. या व्यवहारातला तोटा आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात कसा आला नाही, याचे मला अजूनही नवल वाटते. गाडी म्हटली की पावसात ती गळणारच, छपराचे कौल जसे गळते तशी, अशी आमची साधी समजूत होती. आणि कौल जसे बदलता येते तसे काचेचे रबरही बदलता येते, हे बहुधा कोणाच्या डोक्यातच आले नाही.

गॅरेजात आणि दुकानात या सगळ्या रबरांना सरसकट ‘बीडिंग’ म्हणतात, परंतु एका काचेभोवती ती निदान तीन तऱ्हेची असतात आणि प्रत्येकाचे काम निराळे असते. काच ज्या लांबट फटीतून दारात उतरते, तिच्या बाहेरच्या काठावर एक रबरी पट्टी असते. तिचा पातळ ओठ काचेला टेकलेला असतो आणि काच खाली जाताना तिच्यावरचे पाणी तो निपटून घेतो. त्याच फटीच्या आतल्या काठावर दुसरी पट्टी असते, तिला काचेच्या बाजूने बारीक लव असते, आणि काच हिंदकळू नये, तिच्यावर ओरखडे येऊ नयेत, हे ती पाहते. तिसरे म्हणजे चौकटीच्या वरच्या आणि उभ्या बाजूंना बसवलेले इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचे चॅनल. त्याच्या पोटातही लव असते, म्हणून जुने मिस्त्री त्याला नुसते ‘फेल्ट’ म्हणतात. या चॅनलच्या खाचेतून काच वर-खाली सरकते, आणि ते झिजले की खराब रस्त्यावर काच चौकटीत दातांसारखी वाजू लागते.

मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. नैसर्गिक रबराच्या लांब साखळीत ठरावीक अंतराने दुहेरी बंध असतात, हवेतला ओझोन नेमका त्या बंधांवर घाला घालून साखळी तोडतो, आणि रबराला पडणाऱ्या भेगा ताणाच्या दिशेला काटकोनात असतात, हे मी गेली कित्येक वर्षे फळ्यावर काढून दाखवत आले आहे. ताण नसलेले रबर त्याच हवेत पुष्कळ टिकते. वाकवलेले, ओढून बसवलेले रबर आधी फाटते. हे सगळे तोंडपाठ असूनही, स्वतःच्या दारात उभी असलेली गाडी मी त्या नजरेने कधी पाहिली नव्हती. या जुलैत पाहिली. बाहेरच्या पट्टीचा सरळ भाग कडक झाला होता, पण अखंड होता. जिथे ती वळण घेऊन त्रिकोणी काचेच्या दांड्याला भिडते, तिथे मात्र नखाएवढ्या जागेत एकापुढे एक समांतर अशा भेगा होत्या, आणि बोटाने थोडे वाकवताच त्या माशाच्या कल्ल्यांसारख्या उघडत होत्या. पुढच्या सत्रात शिकवताना आकृतीऐवजी हाच तुकडा वर्गात फिरवायचा असे मी ठरवून टाकले आणि तो काडेपेटीत घालून ठेवला. काडेपेटीचा विषय पुढे येणारच आहे.

आधी माझी चूक सांगते. गेल्या वर्षी मे महिन्यात, पावसाळ्यापूर्वी गाडी ‘नीट’ करून घ्यावी म्हणून मी स्वतःच कामाला लागले होते. बाहेरच्या पट्टीवर मी बाजारात मिळणारी एक चिकट रबरी पट्टी वरून डकवली, आणि मग गाडीखाली वाकून दारांची खालची कड तपासली. तिथे मला काही लांबट भोके दिसली. त्यांच्या कडांना गंज होता. गंजून पत्रा खाल्ला गेला आहे आणि चिखलपाणी या भोकांतून वर चढत असणार, असे समजून मी बाथरूमच्या फरश्यांसाठी आणलेल्या सिलिकॉन सीलंटने ती सगळी भोके मोठ्या निगुतीने बुजवली, चारही दारांची. काम झाल्यावर बोट ओले करून त्याने सीलंट गुळगुळीतही केला.

ती भोके गंजाने पडलेली नव्हती. ती कारखान्यातून तशीच येतात. काचेबाहेरची पट्टी कितीही नवी असली तरी काचेवरून उतरणारे थोडेफार पाणी तिला चुकवून दारात शिरणारच, हे गृहीत धरूनच दाराची रचना केलेली असते: पाणी दाराच्या बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या अंगाने खाली यावे, तळाशी जमावे आणि त्या भोकांतून रस्त्यावर गळून जावे. दार म्हणजे आतून एक उभी पन्हळ आहे म्हणा ना. मी पन्हळीचे तोंड बंद करून तिची टाकी केली होती. वर डकवलेली चिकट पट्टी पहिल्या उन्हातच सुटून लोंबू लागली होती, त्यामुळे आत येणारे पाणी पूर्वीपेक्षा जास्त आणि बाहेर जाणारे शून्य, असा हिशेब वर्षभर चालू होता. मिस्त्रींनी हे मला सांगितले तेव्हा ते हसले नाहीत, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पोवई नाक्याजवळच्या त्यांच्या गॅरेजात मी गाडी नेली तेव्हा त्यांनी नुसता एक टोकदार पोगर घेतला, दाराखाली बसले, आणि सीलंटची पहिली गुळी उचकटली. चहाच्या रंगाचे पाणी धारेने बाहेर आले आणि माझ्या चपलांखालून गटाराकडे गेले. “मॅडम, काम चांगलं केलं होतं,” ते म्हणाले. “एक थेंब गळत नव्हता.”

त्यानंतरचे काम मी घरी, अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये केले. रविवार आणि सुट्ट्या धरून ते तीन आठवडे पुरले. काचेचे रबर बदलायचे म्हणजे फटीत नवी पट्टी खोचायची, एवढेच काम असेल असे बाहेरून पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात जुनी पट्टी आणि चॅनल धडपणे काढायचे तर काच बाहेर काढावी लागते, काच बाहेर काढायची तर त्रिकोणी काचेचा उभा दांडा सैल करावा लागतो, आणि दांड्याचे स्क्रू दाराच्या आत असल्यामुळे त्याआधी काच फिरवायचे हँडल, हात टेकायची मूठ आणि रेक्झिन लावलेला पॅड हे सगळे उतरवावे लागते. दांड्याचा खालचा स्क्रू गंजून पत्र्याशी एकजीव झाला होता. त्याच्यावर गंज सोडवायचे तेल मारून मी शनिवारी संध्याकाळी झोपायला गेले, रविवारी सकाळी पुन्हा मारले, दुपारी पुन्हा. मिस्त्रींनी सांगितल्याप्रमाणे स्क्रू सोडवण्याआधी केसभर आवळण्याचा प्रयत्न केला, आणि चार वाजता तो बारीक चिरका आवाज करून हलला. त्या आवाजाने मला जो आनंद झाला तो एखाद्या विद्यार्थ्याच्या निकालानेही क्वचितच झाला असेल, आणि हे लिहिताना मला थोडा संकोच वाटतो आहे.

काच उचलून मी ती पलंगावरच्या जुन्या गोधडीवर ठेवली आणि बॅटरी घेऊन दाराच्या पोटात पाहिले. तळाशी दोन बोटे गाळ होता. त्यात एक कंगवा, वीस पैशांचे एक षट्कोनी नाणे, बाभळीच्या शेंगेचा तुकडा आणि भुंग्याचे हिरवे कवच सापडले. त्याच्या वर, उभ्या चॅनलच्या मागे, काच आणि पत्रा यांच्यामध्ये खोचलेल्या घड्या होत्या. मी एक ओढून काढली. ती काडेपेटीच्या पुठ्ठ्याची होती. चपटी करून दुमडलेली, पाण्याने मऊ झालेली, पण लेबलचा लाल रंग एका कडेला अजून शिल्लक होता. एकूण सात निघाल्या. काच वाजू नये म्हणून कोणीतरी वर्षानुवर्षे, झिजलेल्या फेल्टच्या मागे, एकावर एक थर चढवत गेले होते.

बाबा सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत आणि शेडच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलेले होते. मी त्यांना घड्या दाखवल्या.

“अगं, मग काय करणार,” ते म्हणाले. “वाजायची. रात्री दोनला पेशंटकडे जाताना दहा मैल ती काच डोक्यात वाजायची.”

“पण रबर बदलून घ्यायचं ना, बाबा.”

“रबराला पुण्याला जावं लागायचं. काडेपेटी घरात होती.”

आत आईने हे ऐकले असावे, कारण ती दारात येऊन म्हणाली, “आणि काड्या ओट्यावर मोकळ्या टाकून जायचे. पावसाळ्यात सादळून जायच्या सगळ्या. मला वाटायचं, पोरंच खेळायला पेट्या नेतात.” मग माझ्याकडे पाहून, “तुला एकदा मारलंही होतं त्यावरून.” मला ते आठवत नाही, पण चाळीस वर्षांनी निर्दोष सुटका झाली ती नोंदवून ठेवते.

रबर आणायला पुण्याला मला अजूनही जावेच लागले. नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या गल्ल्यांत मी जुन्या पट्टीचा आणि चॅनलचा वीतभर नमुना पिशवीत घेऊन हिंडत होते. पहिल्या दोन दुकानांत ‘पद्मिनी’ हे नाव ऐकताच मान हलली. टॅक्सीवाल्यांमुळे या गाडीचे सामान इतकी वर्षे बनत आणि विकले जात राहिले, हे मला तिसऱ्या दुकानात नीट कळले. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदलेली होती, आणि टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तीही रस्त्यावरून गेली. “आता तुमच्यासारखे हौशी लोकच येतात,” दुकानदार म्हणाले, “आणि ते अर्धा फूट घेतात, एक तास बसतात.” मी चारही दारांसाठी मोजून पंचवीस फूट चॅनल आणि वर दोन फूट जादा मागितल्यावर मात्र त्यांनी स्टूल पुढे केले.

त्यांनी दोन वेटोळी काढली. दिसायला दोन्ही सारखी काळी होती. एकाला रबराचा ओळखीचा, सायकलच्या नव्या ट्यूबसारखा वास होता. दुसऱ्याला जवळजवळ वास नव्हताच. त्यांनी मला दोन्हींवर नख दाबायला सांगितले. पहिल्यावर उमटलेली चंद्रकोर बराच वेळ तशीच राहिली. दुसऱ्यावरची मी पाहत असतानाच मिटली. हे दुसरे ईपीडीएम. या कृत्रिम रबराच्या मुख्य साखळीत दुहेरी बंध नसतात, जे थोडे असतात ते बाजूच्या फांद्यांवर, त्यामुळे ओझोनने ते तुटले तरी साखळी अखंड राहते. ते १९६०च्या दशकात वापरात आले आणि आज गाड्यांच्या दारा-खिडक्यांना बहुतेक तेच असते. मी हे दुकानदारांना सांगू लागले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “ते असेल. आम्ही नखानं बघतो.” निघताना त्यांनी एवढेच बजावले की त्याला ऑइल किंवा ग्रीस अजिबात लावायचे नाही, फुगते. तेही खरे आहे. खनिज तेलात ईपीडीएम फुगून ढिले पडते, आणि जुन्या गाडीची रबरे ‘नरम’ करण्यासाठी इंजिन ऑइलचा बोळा फिरवण्याची आपल्याकडची पद्धत म्हणूनच सोडून दिलेली बरी.

नवे रबर लावण्याआधी दाराचा तळ तारेच्या ब्रशने घासला, सैल गंज काढला, रेड ऑक्साइडचे दोन हात दिले आणि त्यावर काळा रंग. भोके मोकळी आहेत ना, हे मी रंग ओला असताना आणि सुकल्यावर असे दोनदा काडी घालून पाहिले. मग चॅनल. पहिल्या दारावर मी ते घट्ट आणि सरळ बसावे म्हणून ओढून ओढून लावले आणि काम झाल्यावर कौतुकाने पाहत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही टोकांना बोटभर पत्रा उघडा पडला होता. ताणलेले रबर रातोरात आखडून मूळच्या लांबीला आले होते. मिस्त्रींना फोन केला तेव्हा ते म्हणाले, “ओढायचं नाही मॅडम. भरवायचं.” म्हणजे आधी दोन कोपरे बसवायचे, मधला भाग थोडा जास्तच सोडून त्याची कमान होऊ द्यायची, आणि मग ती कमान अंगठ्याने थोडी थोडी आत दाबत न्यायची, लहान मुलाला घास भरवावा तशी. दाबात बसलेल्या रबराला भेगाही लवकर पडत नाहीत. हे मात्र मला कोणी सांगावे लागले नाही.

लव नवी असताना काच फार जड सरकते. त्यावर बाबांनी शंखजिऱ्याचा उपाय सुचवला. पंक्चरवाले ट्यूबला लावतात ती पांढरी पूड. सिलिकॉनचा फवारा अधिक टिकला असता, पण पूड बाबांनी स्वतः बोटाने चॅनलभर लावली आणि त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर ती दिसलीही नाही.

सगळ्यांत शेवटी पॅडच्या मागचा प्लास्टिकचा कागद. आमच्या गाडीतला केव्हाच फाटून गेला होता, आणि खंबाटकीत पाय भिजायचे त्याचे कारण बहुधा तेच असावे. दाराच्या पोटातले पाणी आतल्या पत्र्याच्या भोकांमधून बैठकीकडे उडू नये म्हणून हा कागद असतो. त्याची खालची कड पॅडच्या मागे नुसती लोंबत ठेवायची नाही, ती दाराच्या आतल्या फटीत खोचायची, म्हणजे कागदावरून ओघळणारे पाणी पुन्हा दारातच जाते आणि भोकांवाटे खाली. मी जाड प्लास्टिक मापाने कापले, कडांना चिकटपट्टी लावली, आणि खालची कड खोचताना दुसऱ्यांदा पाहून घेतले.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी पाऊस नव्हता, म्हणून नळी लावली. पाणी तपासायचे तर आत एक माणूस हवा, आणि बाबा म्हणाले की ते बसतील. बॅटरी घेऊन ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले. बऱ्याच वर्षांनी बसले असावेत, कारण त्यांचा डावा हात आपोआप गिअरच्या दांड्यावर गेला. मी दार लावले. पूर्वी हे दार डबा आपटल्यासारखे लागत असे. या वेळी ते नुसते मिटले. खालून सुरुवात करून मी नळी हळूहळू वर नेली, चॅनलच्या कोपऱ्यांवर थांबले, त्रिकोणी काचेच्या दांड्यावर मनात शंभर मोजेपर्यंत थांबले. आत बॅटरीचा उजेड काचेच्या कडेकडेने फिरत होता. दाराच्या तळातून, मी वर्षापूर्वी बुजवलेल्या भोकांतून, पाण्याच्या बारीक धारा एका ओळीत अंगणात पडत होत्या.

मग बाबा काचेवर बोट वाजवून काहीतरी सांगू लागले. मला अक्षरही ऐकू येईना. मी हातानेच विचारले, गळतंय का? त्यांनी मान हलवली, ती होकाराची की नकाराची ते ओल्या काचेतून कळेना. मी नळी खाली टाकून हँडल फिरवण्याची खूण केली. त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावला, काच करकरत चार बोटे खाली आली, आणि त्या फटीतून बाबा म्हणाले, “नळ बंद कर. टाकी रिकामी होईल, आई ओरडेल.”